कोल्ड फ्रेम : जुन्या साहित्यातून उभारणी

कोल्ड फ्रेम : बिनतळाची, जमिनीवर टेकवलेली आणि वरून काचेच्या किंवा तत्सम पारदर्शक पदार्थाच्या उतरत्या झाकणाने बंद होणारी बुटकी पेटी. थंड प्रदेशांत हिवाळ्यात पालेभाज्या जगवण्यासाठी, वसंताच्या आरंभी रोपे लवकर तयार करण्यासाठी आणि घरात वाढवलेल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्यासाठी ती वापरतात. मराठीत तिला रूढ प्रतिशब्द नाही. ‘काचझाकणाची रोपपेटी’ असे तिचे वर्णन करता येईल. नावातील ‘कोल्ड’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की या पेटीला सूर्याखेरीज उष्णतेचा दुसरा आधार नसतो. हीच पेटी घोड्याच्या कुजत्या लिदीच्या जाड थरावर मांडली आणि कुजण्यातून निघणाऱ्या उष्णतेवर ऊबदार ठेवली, तर तिला हॉट बेड म्हणजे उष्ण वाफा म्हणतात.

ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतील अनेक घरगुती बागांत अशी पेटी विकत न आणता घरदुरुस्तीत निघालेल्या खिडक्या, फळ्या व विटा यांतून केली जाते. तिचा विचार करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते : खिडकी ही उभी राहण्यासाठी घडवलेली वस्तू आहे आणि येथे तिला आडवे पडून पाऊस, बर्फ व ऊन अंगावर घ्यायचे असते. जुन्या साहित्याच्या पेट्या थोड्याच हिवाळ्यांत निकामी होतात, त्यामागे बहुधा या बदलाकडे झालेले दुर्लक्ष असते.

पारदर्शक आच्छादनाखाली पीक घेण्याची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन सम्राट टायबीरियस याच्यासाठी चाकांवरच्या वाफ्यांत काकडी पिकवली जाई आणि हिवाळ्यात ते वाफे पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांनी झाकलेल्या चौकटींखाली नेले जात, असे थोरला प्लिनी नोंदवतो. हे फळ आजची काकडी नसून खरबुजाच्या जातीतील लांबट फळ असावे, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भाजीपाला उत्पादकांनी लिदीचे वाफे, काचेच्या चौकटी, घंटेच्या आकाराची काचपात्रे आणि रात्री अंथरायच्या गवती चटया यांचे तंत्र फार पुढे नेले; मोरो व दाव्हेर्न यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याचे तपशीलवार वर्णन आहे. योगायोगाने त्याच वर्षी ब्रिटनमध्ये काचेवरील कर रद्द झाला आणि तोवर श्रीमंतांच्या बागांपुरती राहिलेली काच सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरांना दुहेरी काचेच्या खिडक्या बसू लागल्या, तेव्हा काढून टाकलेल्या एकेरी काचेच्या लाकडी तावदानांचा मोठा साठा भंगारात आला. आजच्या घरगुती पेट्यांतील पुष्कळशी काच या साठ्यातली आहे.

पेटी ऊबदार का राहते, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे, की काच सूर्यप्रकाश आत सोडते आणि मातीतून निघणारी दीर्घ तरंगलांबीची उष्णता अडवते. ते अंशतःच खरे आहे. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये एका बंद पेटीला काचेचे आणि दुसरीला ही उष्णता आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाच्या पत्र्याचे झाकण लावून पाहिले, तेव्हा दोन्ही पेट्यांच्या तापमानांत फारच थोडा फरक पडला. यावरून तापलेली हवा वर निघून जाण्यास आणि वारा आत शिरण्यास झाकणाने होणारा प्रतिबंध हेच मुख्य कारण ठरते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. काच किती उत्तम यापेक्षा फटी किती कमी, यावर पेटीची ऊब अधिक अवलंबून असते.

साहित्य निवडताना पहिला प्रश्न विषारीपणाचा येतो, कारण या मातीतून उगवलेले खाल्ले जाणार असते. जुन्या तावदानांवरील रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असा रंग १९७८ पर्यंत विकला जात होता. पोपडे सुटलेला रंग पाण्याबरोबर वाफ्यात उतरतो आणि तो कोरडा घासल्यास त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते, म्हणून ज्याचा रंग तपासता येत नाही असे तावदान सोडून देणेच शहाणपणाचे. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोट या डांबरजन्य तेलात मुरवलेले असतात, तर जुन्या प्रक्रियायुक्त लाकडात आर्सेनिक असू शकते. दोन्ही वर्ज्य मानावीत. मालवाहतुकीच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचण्याच्या लाकडी चौरंगावर, ‘एचटी’ ही मुद्रा असल्यास ते केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असल्यास त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. स्नानगृहाच्या जुन्या दाराची कठीण केलेली काच सुरक्षित असते, कारण फुटल्यास तिचे बोथट तुकडे होतात. मात्र ती कापता येत नाही, तेव्हा पेटीने तिच्या मापाला जुळवून घ्यावे लागते.

मापाचा हा क्रम सर्वच पेट्यांना लागू आहे : आधी तावदान, मग पेटी. उदाहरणादाखल ६० सेंमी. रुंद व ९० सेंमी. लांब अशी दोन तावदाने शेजारी शेजारी ठेवली, तर सुमारे १२० सेंमी. रुंदीची पेटी होते. मागची भिंत ५० सेंमी. आणि पुढची २५ सेंमी. उंच घेतल्यास झाकणाला सुमारे १६ अंशांचा उतार मिळतो आणि पेटीची मागेपुढे खोली ८५ सेंमी.च्या आसपास राहते. पुढे उभे राहून मागच्या कोपऱ्यातील रोपापर्यंत हात पोचतो तो एवढ्याच अंतरावर. तावदानाची पुढची कड भिंतीबाहेर दोन-तीन सेंमी. काढावी, म्हणजे पाणी फळीवर न ओघळता जमिनीवर ठिबकते. बाजूच्या दोन भिंतींसाठी २५ सेंमी. रुंदीच्या तीन सारख्या फळ्या पुरतात. त्यांपैकी दोन तळाशी आडव्या लागतात आणि तिसरी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी कापली, की दोन्ही बाजूंचे त्रिकोण एकाच कापात मिळतात. उत्तर गोलार्धात उताराचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. बॉस्टनच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य क्षितिजावर जेमतेम २४ ते २५ अंश चढतो आणि लंडनला १५ अंशच. सपाट ठेवलेल्या काचेवरून त्या तिरप्या प्रकाशाचा मोठा वाटा परावर्तित होऊन वाया जातो.

खिडकीला आडवे पाडण्याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो तो तिच्या आडव्या पट्ट्यांपाशी. भिंतीत उभी असताना काचेवरून निथळणारे पाणी पट्टीला स्पर्शून सुटते. उतारावर मात्र प्रत्येक आडवी पट्टी एक बुटका बांध बनते. त्यामागे पाण्याची रेघ साचते, रात्री गोठते, दिवसा वितळते. काच व लाकूड यांच्या सांध्यात भरलेली लांबी, म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेला लगदा, या रेघेपाशी प्रथम भेगाळते. भेगेतून पाणी लाकडात मुरते आणि वरून रंग शाबूत दिसत असतानाच खालची पट्टी नखाने खरवडता येईल इतकी मऊ होते. मुद्दाम रोपपेटीसाठी केलेल्या ब्रिटिश झाकणांत म्हणूनच उताराच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्याच ठेवत आणि काचेचे तुकडे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून बसवत. डच झाकणात तर एकच अखंड काच खाचेत सरकवलेली असते. जुन्या खिडकीला हे रूप देता येत नाही. तरी पट्ट्यांची लांब दिशा उताराला धरून ठेवणे, जुनी लांबी काढून नवी भरणे, तिच्यावर रंगाचा हात काचेवर दोन मिलिमीटर चढेल असा फिरवणे आणि सर्वांत खालच्या पट्टीत काचेच्या पातळीपर्यंत दोन-तीन खाचा करून पाण्याला वाट देणे एवढे केल्यास तावदानाचे आयुष्य कितीतरी वाढते.

भिंती विटांच्याही चालतात. चुन्याच्या जुन्या बांधकामातील विटा सहज सुट्या होतात, त्या बिनगाऱ्याने रचून फटी ओल्या मातीने बुजवल्या तर पेटी हवी तेव्हा हलवता येते, आणि वीट दिवसा शोषलेली उष्णता रात्री परत देते. लाकडी पेटीला कोपऱ्यांत चौकोनी खुंट्या ठोकून त्यांवर फळ्या स्क्रूने आवळतात. पेटीबाहेर माती किंवा वाळकी पाने ढिगाने लावल्यास थंडी आणखी अडते. झाकणाला मागे बिजागऱ्या आणि पुढे आकडा हवाच. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेसात किलोग्रॅम असते. तरीही वाऱ्याने उचललेले झाकण उलटे आपटून फुटणे ही नेहमीची दुर्घटना आहे.

पेटीतील रोपे गारठ्यापेक्षा उन्हाने अधिक मरतात, हे नवख्यांना पटत नाही. बाहेर पाणी गोठत असतानाही निरभ्र दुपारी बंद पेटीतील हवा ३० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, आणि अशा कोंदट उबेत बुरशी फोफावून कोवळी रोपे बुंध्याशी कोलमडतात. त्यासाठी पाच, दहा व पंधरा सेंमी. उंचीच्या पायऱ्या कापलेला लाकडाचा ठोकळा झाकणाखाली सरकवून हवा खेळती ठेवतात आणि ऊन कलण्याआधी तो काढून आतली ऊब कोंडून घेतात. गोठवणाऱ्या रात्री जुनी सतरंजी किंवा चटई वरून पसरतात. पाणी हिवाळ्यात क्वचितच, तेही सकाळी द्यावे.

पालक, लेट्यूस, मुळा, गाजर ही या पेटीची नित्याची पिके. सौम्य थंडी सोसणारी कोथिंबीर परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही यात घेता येते. अमेरिकेच्या मेन राज्यात, ४४ अंश अक्षांशावर, हिवाळी भाजीपाला पिकवणारे एलियट कोलमन यांनी दिवसाच्या लांबीकडे लक्ष वेधले आहे : दिवस दहा तासांहून लहान झाला, की वाढ जवळजवळ थांबते. म्हणून पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करून नोव्हेंबरपूर्वी पिके बहुतांशी वाढलेली असावी लागतात. त्यानंतर पेटी ही जिवंत भाजीचे कोठार असते. वसंतात तिच्यात ठेवलेल्या कोवळ्या रोपांचे झाकण सात ते दहा दिवस रोज थोडे अधिक उघडून त्यांना काटक करतात.

भारतात या पेटीचे सर्वांत जवळचे नातलग लडाखमध्ये आढळते. लेह येथील संरक्षण संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या खंदक-हरितगृहांत जमिनीत चर खणून त्यावर प्लास्टिकचा कागद ताणतात आणि भोवतालच्या मातीचीच भिंत होते. महाराष्ट्रात मात्र काचेची बंद पेटी गच्चीवर मांडणे म्हणजे रोपे भाजून काढणे होय. येथील रोपवाटिकांना सावलीच्या जाळीची आणि पावसापासून आडोशाची गरज असते, उबेची नव्हे.

थंडी सरल्यावर बिजागऱ्यांचे खिळे काढून तावदाने पेटीवरून उतरवतात आणि ती पडवीत, मध्ये लाकडी पट्ट्या घालून, एकमेकांना टेकवून उभी ठेवतात. काचेवरचे शेवाळ तेव्हाच धुतले जाते, आणि शरदात तावदाने पुन्हा चढवण्याआधी लांबीचा प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबून पाहिला जातो.