आगबोट व पुणेकरांचे परदेशगमन
एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जहाजांमुळे पुण्यातील सुशिक्षित स्त्रीपुरुषांचा यूरोप-अमेरिकेशी आलेला प्रत्यक्ष संबंध. लोहमार्ग होण्यापूर्वी पुण्याचे प्रवासी घाट उतरून पनवेलला येत व तेथून जलमार्गाने मुंबई गाठीत; बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुमारे महिनाभरात सुएझला पोहोचली होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आफ्रिकेचा वळसा टळला.

मार्ग सुकर झाला, तरी परतीचा प्रश्न उरलाच. कलिवर्ज्य प्रकरणातील निर्बंधाचा रोख जाण्यापेक्षा परतण्यावर अधिक आहे. समुद्रप्रवास केलेल्या द्विजास शुद्धीनंतरही समाजात घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात प्रायश्चित्ताने वाट निघे. अर्थात पुण्यात प्रायश्चित्ताला समुद्रच लागे असे नाही. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरूनही ग्रामण्य माजले.

या पार्श्वभूमीवर आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे प्रस्थान विशेष ठरते. निघण्यापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले; म्हणजे परतीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या पतीशिवाय ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीने कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या होत्या. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या पुढील वर्षी इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत बालोद्यान शिक्षणपद्धती अभ्यासून व विधवांच्या शाळेसाठी निधी जमवून त्या १८८९ मध्ये परतल्या. अमेरिकेच्या लोकस्थितीवरील त्यांचे मराठी पुस्तक त्याच वर्षी निघाले. मराठी वाचकाला तो देश एका स्त्रीच्या नजरेतून दिसला. मुंबईत काढलेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यात आले. मात्र १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. आनंदीबाईंना मिळालेला स्वीकार रमाबाईंच्या वाट्यास आला नाही.

गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास लंडनला गेले. पुढे १९१४ पर्यंत त्यांनी इंग्लंडच्या अनेक खेपा केल्या.