एक रतल धान्य आणि दिवसाची मजुरी



मागच्या व्याख्यानानंतर एका बागायतदार मित्रानं मला चहाच्या टपरीवर गाठलं. म्हणाला, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, तर एवढं सांगा. लाडक्या बहिणीचे दीड हजार महिन्याला येतात, रेशनचं धान्य फुकट मिळतं. मग माझ्या कांद्याच्या खुरपणीला कोण येणार? कामाचा पैसा मदतीच्या पैशापेक्षा जास्त नको का?"

प्रश्न रास्त आहे. आणि जुनाही आहे. आपल्या या भागात तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि तेव्हाच्या सरकारनं त्याचं उत्तरही दिलं होतं. ते उत्तर काय होतं, हे आज बघू.

१८७६ साली पाऊस गेला. दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. सरकारनं कामं काढली. आपला मातोबा तलाव त्या दुष्काळातल्या कामांपैकी. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावरही दुष्काळी मजूर होते. आज गाडीत बसून नगरकडे जाताना आपण ज्या भरावावरून जातो, त्याच्या मुळाशी ती घमेली आहेत.

जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाची पाहणी करायला धाडलं. हा माणूस मुळात निर्दय नव्हता, हे ध्यानात घ्या. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ साली, बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून लोक वाचवले होते. पण फार खर्च केला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आता ते काटकसरीचा धडा घेऊन आले होते. त्यांनी मजुरी ठरवली: दिवसभराच्या कामाला एक रतल धान्य, आणि वर जेमतेम अर्धा-एक आणा. एक रतल म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय काम गावाजवळ द्यायचं नाही, मैलोन् मैल लांब पाठवायचं. जो खरा गरजू असेल तो येईल, हा हिशेब.

हा विचार आला कुठून? इथं माझा विषय थोडा कामाला येतो. १८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. त्याच्या अहवालात एडविन चॅडविकचा मोठा हात होता, आणि चॅडविक हा तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथमचा चिटणीस राहिलेला. त्या कायद्याचं सूत्र असं: मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलक्या मजुराच्या अवस्थेपेक्षाही वाईट राहिली पाहिजे. नाहीतर काम कोण करील? माझ्या मित्राचाच प्रश्न, बघा.

आता या सूत्राचं आपल्याकडे काय झालं? मजुरी उतरल्यावर मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी दुष्काळी कामं सोडली. एक प्रकारचा संपच तो. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांची, त्यांच्या बाजूनं उभी राहिली. सरकारी अर्थ मात्र असा लावला गेला की, हे लोक काम सोडून जातात त्या अर्थी यांना मदतीची खरी गरजच नव्हती. म्हणजे कामावर आला तर आळशी ऐतखाऊ, सोडून गेला तर खाऊनपिऊन सुखी. गरिबानं कसंही वागलं तरी तोच चुकीचा. मद्रासेत डॉ. कॉर्निश या आरोग्य अधिकाऱ्यानं हिशेब मांडला की एवढ्या धान्यावर कष्टाचं शरीर टिकत नाही. तिकडे १८७७ मध्येच मजुरी वाढवावी लागली. तोवर फार माणसं गेली होती.

आता आपण १९७२ कडे येऊ. तो दुष्काळ मी पाहिला आहे. आई खडी फोडायला जायची, मी कॉलेजच्या सुट्टीत नालाबंडिंगच्या मस्टरवर नाव घातलं होतं. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी आम्ही खाल्ली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. आई वर्षानुवर्षं ज्यांच्या मळ्यात जायची, त्यांच्या विहिरीला थोडं पाणी टिकलं होतं. ते स्वतः आमच्या दारात आले. "बाई, चार आणे वाढवून देतो, पण या," म्हणाले. त्याआधी मजुरी वाढवून मागितली की उत्तर ठरलेलं असायचं: परवडत नाही.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मग १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे राजस्थानातल्या दुष्काळी कामाचा खटला आला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली होती. न्यायालयानं सांगितलं, ही भीक नाही. सरकार काम करून घेतं, रस्ता उभा राहतो. किमान वेतनाहून कमी देणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमात मना केलेली वेठबिगारी. टेंपलच्या एक रतलाला मिळालेलं हे उत्तर, पण शंभरावर वर्षांनी! आणि तरी २००५ च्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन बाजूला ठेवून वेगळी मजुरी ठरवायची मुभा ठेवलीच गेली. जुनी सवय जाता जात नाही.

आता मित्राचा हिशेब करू. दीड हजार भागिले तीस, दिवसाचे पन्नास रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती ३१२. पन्नासासाठी कोणी तीनशे सोडत नाही. आणि खुरपायला गेली म्हणून त्या बाईचे दीड हजार बंदही होत नाहीत. म्हणजे 'काम की मदत' अशी निवड तिच्यापुढे नाहीच. फरक एवढाच पडला की, परवडत नसेल त्या भावाला ती आता 'नाही' म्हणू शकते.

तेव्हा कामाचा पैसा मदतीपेक्षा जास्त हवा, हे मला मान्य आहे. पण हे अंतर दोन रीतींनी ठेवता येतं. मदत खाली ओढायची, किंवा मजुरी वर न्यायची. १८७७ साली पहिली रीत वापरून झाली. मदतीची खालची पातळी माणसाच्या पोटानं ठरते, ती आपल्या सोयीनं खाली नेता येत नाही. मजुरी त्या पातळीच्या वर ठेवणं, हे मग आपलं काम उरतं.

कांद्याच्या भावाचं काय, हे मित्र विचारणारच. मजुरी वाढवायची तर मालाला भाव हवा, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ते भांडण बाजाराशी आणि सरकारशी आहे, खुरपणाऱ्या बाईशी नाही. त्यावर पुढच्या वेळी बोलू.