अंगावरचे पित्त आणि औषधाची पारख

खाल्लेले न सोसून अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की मराठी घरात 'पित्त उठले' म्हणतात. जालना जिल्ह्यातील हसनाबाद (ता. भोकरदन) असो की कोकणातले एखादे खेडे, पहिला इलाज ठरलेला असतो: आमसुलाचे पाणी अंगाला चोळायचे. माधवनिदानात या विकाराचे वर्णन शीतपित्त, उदर्द आणि कोठ या नावांनी आहे. वैद्य त्यावर हरिद्राखंड आणि सोनगेरू देत आले. अर्थात अंगावर उठणारे प्रत्येक पित्त अन्नामुळे नसते आणि 'ॲलर्जी' ही संज्ञाही 1906 सालची, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांची. औषध सुरक्षित आहे का, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

त्याचे जुने उत्तर बिब्ब्याच्या वापरात सापडते. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या हातांना हे ठाऊक आहे. तरी हेच फळ चरकसंहितेत रसायन म्हणून सांगितले आहे, पण केवढ्या अटी घालून! सुरुवात दहा फळांपासून, रोज एकेक वाढवत तीसपर्यंत, त्यापुढे नाही. काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावायचे. पोटात देण्याआधी बिब्बा विटेच्या भुकटीत घोळून त्याचे तेल शोषून घेत, तर बचनाग गोमूत्रात भिजवून शुद्ध करीत. शोधन, मात्रा आणि पथ्य अशी ही तिहेरी राखण होती. अनुभवातून आलेली ही शिस्त कमी लेखण्याजोगी नाही. मात्र औषध कितीजणांना बाधले आणि न घेणाऱ्यांचे काय झाले, याची मोजणी तीत नव्हती. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. त्यामुळे काजू न सोसणाऱ्याने लाडवातल्या गोडंबीपासूनही जपून राहावे.

कायद्याने या क्षेत्रात उशिरा पाऊल टाकले. 1940 च्या औषध कायद्यात आयुर्वेदिक आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते 1964 च्या दुरुस्तीने. पुढे बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा, गुंज अशा विषारी द्रव्यांची यादी नियमांच्या ई-1 परिशिष्टात आली. 2010 च्या 158-ब नियमाने या यादीतली द्रव्ये असलेल्या नव्या पेटंट औषधांना सुरक्षिततेचा अभ्यास सक्तीचा केला. ग्रंथोक्त औषधांना ग्रंथाचाच आधार पुरेसा मानला गेला. ही सवलत परंपरेचा मान राखते, रुग्णाचा कितपत राखते हा प्रश्न उरतोच.

मोजणीचे काम महाराष्ट्रात रुग्णालयांनी केले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र उभे राहिले. 'फुलवा' लिहिणाऱ्या त्या याच. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काविळीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत गुळवेलीचा अभ्यास केला. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 2005 मध्ये ॲलर्जीच्या सर्दीवर गुळवेलीची चाचणी प्रसिद्ध केली. 75 रुग्णांपैकी काहींना आठ आठवडे गुळवेल, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. गुळवेल घेणाऱ्यांपैकी 83 टक्क्यांच्या शिंका पूर्ण थांबल्या. पण ही ॲलर्जी नाकाची, अन्नाची नव्हे.

अन्नाच्या ॲलर्जीवरील वनौषधीची सर्वांत काटेकोर परीक्षा न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात झाली. डॉ. शिउ-मिन ली यांनी 'वू मेई वान' या जुन्या चिनी योगावरून एक औषध बेतले. पहिल्या रूपात अकरा वनस्पती होत्या. त्यांतली बचनागाच्या जातीची एक मुळी आणि आणखी एक वनस्पती विषारीपणाच्या शंकेने वगळून नऊंचा योग ठरवला गेला. आपल्याकडे जे विष गोमूत्रात भिजवून वापरात ठेवले, ते इथे यादीतूनच काढले. 2010 मधल्या पहिल्या टप्प्यात 19 जणांना सात दिवस वाढत्या मात्रेत औषध किंवा निष्क्रिय गोळी दिली. पुढच्या वर्षी संगीता पाटील आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या चाचणीचा वृत्तांत मांडला. दोन्हींत गंभीर अपाय आढळला नाही. 2015 मध्ये 68 जणांवरील दुसऱ्या टप्प्याचा निकाल आला: औषध सुरक्षित, पण ॲलर्जीचा पदार्थ सोसण्याची ताकद निष्क्रिय गोळीपेक्षा जास्त वाढली नाही. दिवसाला तीस गोळ्या घेणे पुष्कळांना जमलेही नव्हते.

सुरक्षितपणाचा शिक्काही कायमचा नसतो. करोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला आणि दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असावी, असे म्हटले. तसे असले तरी धडा वेलीच्या ओळखीचा आणि मात्रेचा आहेच.

आमसुलाचे पाणी खाज शमवायला लावावे. त्यात वावगे काही नाही. मात्र काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा धाप लागली, तर काढ्यात वेळ घालवू नये. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळेल ते जवळचे रुग्णालय गाठावे.