चिमूर पटावर मांडताना

ब्रूस मॅन्सफील्ड यांनी रचलेला आणि अमेरिकेतल्या जीएमटी गेम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गांधी’ हा युद्धखेळ १९१७ ते १९४७ या तीस वर्षांचा हिंदुस्थान पटावर मांडतो. ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक असे चार पक्ष, प्रत्येकाच्या वेगळ्या सोंगट्या, वेगळ्या चाली, जिंकण्याच्या वेगळ्या अटी. ज्या मालिकेतला हा खेळ आहे ती २०१२ साली कोलंबियातल्या बंडखोरीवरच्या खेळाने सुरू झाली. म्हणजे ही पद्धत मुळात बंदुकांच्या हिशेबासाठी घडलेली. तिच्यात निःशस्त्र सत्याग्रहींना बसवले, याबद्दल जाणकारांनी या खेळाची वाखाणणी केली आणि ती रास्त आहे. सत्याग्रहाने सत्तेची कोंडी कशी होते, हे इथे खेळणाऱ्याला स्वतः चाल करून कळते. पण या खेळाची खरी परीक्षा दिल्ली किंवा मुंबईवर होत नाही. ती तेव्हाच्या चांदा, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरवर होते, आणि तिथे त्याची मांडणी अपुरी पडते.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो सगळा मुलूख आधीच भारलेला होता. खंजिरी घेऊन गायलेले भजन ऐकायला जमणारा शेतकरी, विणकर हा कोणत्याही पक्षाच्या यादीत नव्हता. मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर हा तरुण पडला आणि संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकारी व पोलीस ठार केले. खेळात काँग्रेसची सोंगटी अहिंसक आणि क्रांतिकारकांची हिंसक असते, दोन्ही हलवणारे हात वेगळे. चिमुरात मात्र घोषणा देणारे आणि चवताळून उठणारे एकाच गावातले होते; त्यांच्या मध्ये होती ती फक्त एक गोळीबाराची घटना. हा अपवाद होता असे म्हणावे, तर त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही असेच घडले.

यावर रास्त आक्षेप असा, की प्रांताच्या मापाच्या पटावर एखादे गाव दिसणारच नाही. नकाशा म्हटला की गाळणी आलीच. ते खरे. पण माझी तक्रार मापाबद्दल नाही, सोंगटीच्या कायम रंगाबद्दल आहे. लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे पाहा. १९३० साली त्यांनीच पुसदला जंगल सत्याग्रह केला, राखीव रानातले गवत कापून अटक पत्करली. गवत, सरपण आणि चराईवरचे निर्बंध हे रानालगतच्या माणसाला राजकीय व्याख्यानापेक्षा आधी कळणारे दुःख होते. तेच अणे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चिमूरमध्ये फौज घुसल्यावर स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा बोभाटा झाला, तेव्हा सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीत या अणेंच्याच दारी उपोषणाला बसले. अणे कोणाच्या रंगाचे? पुढे, फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी पद सोडले. माणसे चौकट ओलांडतात, आणि चांद्याच्या इतिहासात ती वारंवार ओलांडली गेली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. गोळीबार, अत्याचार, फाशीच्या शिक्षा यांची चाल करावी, हेच मुळात अप्रशस्त नाही का? मला तसे वाटत नाही. भणसाळींनी ६३ दिवस अन्न सोडले. चिमूरच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रांनी हरताळ पाळला आणि १२ जानेवारीला उपोषण सुटले. एका आडगावातल्या घटनेची बातमी हे शस्त्र कसे झाले, हे कारणपरंपरेसह समजावणारे साधन म्हणून खेळ पुस्तकाइतकाच गंभीर असू शकतो. अट एकच, ज्यांच्यावर हे गुजरले त्यांना त्याने आकड्यात बुडवू नये.

म्हणून ‘गांधी’ला माझा निकाल असा: साम्राज्याच्या पातळीवर उत्तम, गावाच्या पातळीवर कच्चा. उरलेले काम आपले आहे. याच घटनांवरून चाललेल्या आष्टी-चिमूर खटल्यातली कागदपत्रे आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घराघरांतल्या आठवणी हाताशी असताना, चिमूरचा पट मराठीत कोणीतरी मांडायलाच हवा.