झत्यपाली आणि ग्वेन्लियन : दोन राजकन्यांच्या नावांचा इतिहास

१/ मुलीचे नाव परक्यांच्या जिभेला सोपे जाईल असे ठेवावे, की आपल्या भाषेत शोभेल असे? परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत बारशाआधी हा प्रश्न हमखास निघतो. ‘ळ’ नको, ‘ण’ नको, जोडाक्षर नको, अशी यादी होते. या प्रश्नाला सातशे वर्षांपूर्वीची एक बाजू आहे आणि ती देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या गडाशी निगडित आहे.

२/ इ. स. १२९६. अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक स्वारी केली. यादवराजा रामचंद्रदेव, म्हणजेच रामदेवराय, याने अपार खंडणी देऊन तह केला. पुढे १३०७-०८ च्या सुमारास मलिक काफूर पुन्हा चालून आला, राजाला दिल्लीस नेण्यात आले आणि ‘रायरायान’ हा किताब देऊन परत पाठवण्यात आले.

३/ या घडामोडींत रामदेवरायाची एक कन्या अलाउद्दीनच्या अंतःपुरात गेली, असे इसामी हा फार्सी कवी-इतिहासकार सांगतो. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला, तेव्हा काफूरने याच अल्पवयीन मुलाला तख्तावर बसवले. यादवांचा हा दौहित्र काही महिने दिल्लीचा सुलतान होता. मग त्याचा सावत्र भाऊ मुबारक याने त्याला पदच्युत करून आंधळे केले.

४/ एवढ्या मोठ्या घटनांच्या मध्यभागी असलेल्या या स्त्रीचे नाव काय? इसामीच्या काव्यातील नाव ‘झत्यपाली’ असे वाचले जाते. काही अभ्यासकांनी त्यामागे ‘क्षेत्रपाली’ हे मूळ नाव असावे असा तर्क केला. पुढच्या काळातील हिंदी काव्यपरंपरेत देवगिरीची राजकन्या ‘छिताई’ होते. आईबापांनी पाळण्यात घातलेले नाव यांपैकी कोणते, याचा निर्णय करता येत नाही.

५/ असे का झाले? फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ज आणि च यांची अक्षरे एकाच आकाराची. भेद फक्त नुक्त्यांचा. ट, ठ, ड, ण, ळ यांना त्या काळच्या लेखनात स्वतंत्र चिन्हे नव्हती. मराठी नाव त्या लिपीत शिरले की निम्मे तिथेच गळते. उरलेले नकलकाराच्या हातून निसटते.

६/ यात इसामीचा दोष नाही. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीस हलवली, तिला दौलताबाद नाव दिले आणि दिल्लीकरांना तिकडे धाडले. त्या लोंढ्यात किशोरवयीन इसामीही होता. सोबतचे वृद्ध आजोबा वाटेतच वारले. तो याच परिसरात वाढला. त्याने कानी आले ते आपल्या लिपीत लिहिले, एवढेच.

७/ आता दुसरे टोक पाहू. १३१७-१८ च्या सुमारास हरपालदेवाने देवगिरीत बंड केले आणि तो क्रूरपणे मारला गेला. इतिहासग्रंथांत त्याची ओळख ‘रामदेवरायाचा जावई’ अशी येते. ज्या मुलीमुळे तो जावई झाला, तिचे नाव त्या ओळीत नसते.

८/ याउलट त्याच यादवकाळातील कितीतरी सामान्य स्त्रियांची नावे आजही स्पष्ट आहेत : महदाइसा, बाइसा, आउसा, उमाइसा. या चक्रधरस्वामींच्या परिवारातील स्त्रिया. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त त्यांची नावे मराठीत, ‘इसा’ या आदरार्थी प्रत्ययासह नोंदवली. मूळ पोथी परचक्रात गेली व अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. नावे त्यातूनही तरली.

९/ आणि महदाइसेचे ‘धवळे’ तर मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून मानले जातात. राजकन्येचे नाव हरवले आणि एका साधक विधवेचे टिकले. फरक वैभवाचा नव्हता. एकीचे नाव तिच्या भाषेत लिहिणारा कोणी होता, दुसरीचे नव्हता.

१०/ हाच प्रकार त्याच पिढीत युरोपच्या पश्चिम टोकाला, वेल्समध्ये घडला. १२८२ साली तेथील राजा लिवेलिन याला कन्या झाली. बाळंतपणात आई गेली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला लिवेलिन इंग्रजांशी लढताना पडला आणि वेल्सचे स्वातंत्र्य संपले. मुलीचे नाव होते ग्वेन्लियन. ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र, पवित्र.

११/ या तान्ह्या वारसदाराला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्सपासून दूर, लिंकनशर परगण्यातील सेंप्रिंगम येथील मठात ठेवले. १३३७ मध्ये ती तिथेच वारली. चोपन्न वर्षांच्या त्या कोंडवाड्यात मातृभाषा कानी पडण्याचा मार्गच उरला नव्हता.

१२/ तिच्या नावात वेल्श भाषेचा एक खास ध्वनी आहे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून, कंठातून आवाज न काढता, दोन्ही बाजूंनी हवा सोडली की तो उमटतो. इंग्रजीत तो नाही. आपला ‘ळ’ही नाही, तसाच. त्यामुळे इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘वेंसिलियन’, ‘वेंटलियन’ अशा रूपांत येते.

१३/ पण पुढची कथा वेगळी झाली. १५३६ च्या कायद्याने वेल्शला न्यायालयांतून हद्दपार केले, एकोणिसाव्या शतकात शाळांतही ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. तरी भाषा तगली. १९६७ आणि १९९३ चे कायदे आले, २०११ मध्ये अधिकृत दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५,३८,००० लोकांनी वेल्श येत असल्याचे सांगितले.

१४/ भाषा जिवंत राहिली म्हणून नावही दुरुस्त करता आले. २००९ मध्ये वेल्समधील स्नोडोनिया पर्वतराजीतील एका शिखराचे नाव अधिकृतपणे ‘कार्नेड ग्वेन्लियन’ करण्यात आले. आजही वेल्श घरांत मुलींची नावे ग्वेन्लियन ठेवली जातात. शेजारच्या इंग्रजांना ते नीट म्हणता येत नाही, हे ठाऊक असूनही.

१५/ देवगिरीच्या राजकन्येचे असे पुनर्नामकरण शक्य नाही, कारण परत करायला मूळ नावच हाती नाही. मराठी मात्र जिवंत आहे आणि ‘मृणाल’ऐवजी ‘मृणाळ’ लिहिण्याची मुभा आपल्याला अजून आहे.

१६/ सोपे नाव निवडणे हा अपराध नव्हे; परदेशात दररोज आपल्या नावाची चिरफाड ऐकणाऱ्या मुलीचा तो विचार असतो. निदान एक करता येईल. नाव कोणतेही असो, ते मराठीत, नीट अक्षरांत कुठेतरी लिहून ठेवावे, पत्रिकेत, वंशावळीत, आजीच्या वहीत. झत्यपालीच्या वाट्याला तेवढी एक ओळही आली नाही.

आपल्या घराण्यात जुन्या पिढीतील स्त्रियांची माहेरची नावे कोणाला आठवतात का? आठवत असतील, तर खाली जरूर नोंदवा. (समाप्त)