ट्रॉली स्पीकरला माइक आणि कराओके ट्रॅक कसा जोडायचा? एकट्या गायकासाठी संपूर्ण माहिती

सोसायटीचा गणपती असो, हळदीचा कार्यक्रम असो किंवा कोजागिरीची मैफल, आजकाल एक माइक, एक मोबाइल आणि एक ट्रॉली स्पीकर एवढ्यावर एकटा गायक दोन तास कार्यक्रम करू शकतो. पण घरी मस्त वाजणारा सेट ऐन कार्यक्रमात कुई करून शिट्टी मारतो, ट्रॅकमधला ढोलकचा ठेका गायब होतो किंवा सतत घरघर ऐकू येते. बहुतेक वेळा स्पीकर खराब नसतो, जोडणी चुकलेली असते. चला तर मग, ही जोडणी नीट समजून घेऊया.

आधी हे समजून घ्या: माइक लेव्हल आणि लाइन लेव्हल

माइकमधून निघणारा सिग्नल अगदी कमजोर, म्हणजे काही मिलिव्होल्टचा असतो. मोबाइल किंवा मिक्सरमधून निघणारा सिग्नल साधारण ०.३ ते १.२ व्होल्टपर्यंत असतो. म्हणजे दोघांमध्ये शंभर पटींहून जास्त फरक पडू शकतो. म्हणूनच स्पीकरच्या मागे ‘माइक’ आणि ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’ अशी वेगळी सॉकेट असतात.

- माइक लाइनमध्ये लावला तर आवाज जेमतेम येतो.
- मोबाइल किंवा मिक्सर माइकच्या सॉकेटमध्ये लावला तर आवाज फाटतो.

काही स्पीकरवर एकाच सॉकेटला माइक/लाइन असं बटण असतं. वायर लावण्याआधी ते बटण नक्की बघा.

कोणती पिन कशासाठी?

- एक्सएलआर: तीन पिनांची गोल, जाड पिन. चांगल्या माइकला हीच असते. ही बॅलन्स्ड वायर असते, त्यामुळे लांब वायर असली तरी बाहेरचा खरखराट कमी पकडते.
- ६.३५ मिमी जॅक: गिटारला असतो तो मोठा जॅक. एक काळी पट्टी असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ किंवा बॅलन्स्ड.
- ३.५ मिमी जॅक: हेडफोनची छोटी पिन. मोबाइलमधून ट्रॅक काढायला हीच लागते.

मोबाइलला हेडफोनचं सॉकेट नसेल तर सी-टाइप ते ३.५ मिमी कन्व्हर्टर लागेल. घेताना त्यात डॅक चिप आहे ना, हे विचारा. बिनचिपचे कन्व्हर्टर काही मोबाइलवर चालतात, काहींवर अजिबात चालत नाहीत.

माइक डायनॅमिक प्रकारचा असेल तर त्याला वेगळी वीज लागत नाही. स्टुडिओतला एक्सएलआर कंडेन्सर माइक असेल तर बहुधा ४८ व्होल्ट फँटम पॉवर लागते आणि ती साध्या ट्रॉली स्पीकरमध्ये सहसा नसते. स्टेजवर उभं राहून गायचं असेल तर डायनॅमिक माइकच सोयीचा.

पद्धत १: थेट स्पीकरला जोडणं

छोट्या कार्यक्रमाला हे पुरेसं आहे.

१. माइक स्पीकरच्या माइक सॉकेटमध्ये लावा.
२. मोबाइल ३.५ मिमी वायरने ऑक्समध्ये लावा.
३. माइक व्हॉल्यूम आणि म्युझिक व्हॉल्यूम ही दोन वेगळी बटणं असतील तर दोन्ही शून्यावरून हळूहळू वाढवा.

अडचण एकच. इको किंवा ट्रॅक कमी-जास्त करायला प्रत्येक वेळी स्पीकरपर्यंत जावं लागतं.

पद्धत २: मध्ये छोटा मिक्सर

चार चॅनलचा मिक्सर हाताशी असेल तर सगळा कंट्रोल गायकाजवळ राहतो.

१. माइक एक्सएलआर वायरने चॅनल १ मध्ये.
२. मोबाइल स्टिरिओ चॅनलमध्ये. त्यासाठी एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन ६.३५ मिमी मोनो जॅक असलेली ‘वाय’ वायर घ्या.
३. मिक्सरचं मेन आउट स्पीकरच्या लाइन इनपुटमध्ये. माइक इनपुटमध्ये नाही.

ठेका गायब होण्याचं कारण

मोबाइलची स्टिरिओ वायर एकाच बॅलन्स्ड सॉकेटमध्ये घातली की हा प्रकार होतो. बॅलन्स्ड सॉकेट दोन तारांमधला फक्त फरक पुढे पाठवतं. ट्रॅकमध्ये बास, ठेका आणि मुख्य वाद्यं बहुतेकदा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखीच असतात, त्यामुळे ती एकमेकांना खोडून टाकतात. उरतो तो पोकळ, पातळ आवाज. उपाय म्हणजे वरची ‘वाय’ वायर.

स्पीकर एकच असेल तर अजून एक गोष्ट करा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. मग मिक्सरचं फक्त डावं आउटपुट स्पीकरला दिलं तरी उजव्या बाजूचं वाद्य हरवत नाही. मात्र वायर चुकीची असेल आणि मोनो चालू केलं, तर ट्रॅक जवळजवळ बंदच पडेल. म्हणून आधी वायर बरोबर करा.

ब्लूटूथ चालेल का?

ब्लूटूथने आवाज पोहोचायला साधारण ०.१ ते ०.२ सेकंद उशीर होतो. आता नीट बघा. फक्त ट्रॅक ब्लूटूथवर असेल आणि माइक वायरने स्पीकरला असेल, तर गायक आणि श्रोते दोघंही तोच उशिरा आलेला ट्रॅक ऐकतात. त्यामुळे ताल चुकत नाही. तानपुरा ॲपलाही काही अडचण नाही. फक्त स्क्रीनवरचे शब्द थोडे पुढे पळू शकतात.

पण माइकचा आवाज मोबाइलमधल्या ॲपमधून ब्लूटूथने स्पीकरला पाठवू नका. तुमचाच आवाज तुम्हाला उशिरा ऐकू येईल आणि लय हमखास घसरेल.

स्टेजवर वायर जास्त भरवशाची, कारण गर्दीत ब्लूटूथ तुटू शकतं किंवा दुसऱ्या कुणाचा मोबाइल मध्येच जोडला जाऊ शकतो. वायर असो वा ब्लूटूथ, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि ट्रॅक आधीच डाउनलोड करून ठेवा. नाहीतर ऐन अंतऱ्यात रिंगटोन अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल. फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथ बंद झालं तर ते पुन्हा चालू करता येतं.

आवाज सेट करण्याचा क्रम

१. सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून वायरी लावा.
२. आधी मिक्सर चालू करा, स्पीकर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलटं: स्पीकर आधी. नाहीतर ‘धप्प’ असा झटका स्पीकरला बसतो.
३. गाण्यातली सगळ्यात वरची पट्टी जोरात गा आणि लाल दिवा लागणार नाही इतपत गेन वाढवा. नुसतं ‘हॅलो, माइक चेक’ म्हणून गेन लावू नका, कारण आपण बोलतो त्यापेक्षा मोठ्याने गातो.
४. मोबाइलचा व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून बाकीचं मिक्सरवर जुळवा.
५. इको एकाच ठिकाणी ठेवा. मिक्सरवर आणि स्पीकरवर दोन्हीकडे असेल तर शब्द कळत नाहीत.

नेहमीच्या अडचणी

शिट्टी येते: स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतोय. स्पीकर गायकाच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. माइकची जाळी मुठीत धरू नका. माइक तोंडाजवळ धरून गेन कमी करा.

घरघर येते: मोबाइलचा चार्जर काढून बघा. बऱ्याच वेळा तोच दोषी असतो. नाहीतर मिक्सर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा किंवा स्पीकर बॅटरीवर चालवा. घरघर थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. माइकची धातूची जाळी ओठांना लागलेली असते, शॉक थेट तिथे बसू शकतो.

मध्येच आवाज बसतो: कॉर्डलेस माइकचे सेल संपत आले असतील. कार्यक्रमाआधी नवे टाका. स्पीकरची बॅटरीही फुल व्हॉल्यूमवर कंपनीने सांगितलेल्या वेळेआधी संपते.

नियमही लक्षात ठेवा

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. सणांच्या ठरावीक दिवशी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो.

निघण्याआधी पिशवीत टाका

एक जादा माइक वायर, ‘वाय’ वायर, कन्व्हर्टर, नवे सेल, एक्स्टेंशन बोर्ड आणि पेनड्राइव्हमध्ये ट्रॅकची कॉपी. कार्यक्रमाच्या किमान अर्धा तास आधी पोहोचून एक पूर्ण गाणं गाऊन बघा. अडचण यायचीच असेल तर ती लोक यायच्या आधी आलेली बरी!