प्रिंटर भंगारात गेला, ड्रायव्हर घरातच राहिला

जुलै २०२१ मध्ये सेंटिनेलवन या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एका लहानशा फाइलीची हकिगत जगापुढे मांडली. तिचे नाव ‘एसएसपोर्ट डॉट सिस’. एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांच्या अनेक प्रिंटरांच्या ड्रायव्हरबरोबर ती २००५ पासून विंडोजच्या संगणकांत उतरत होती. तिच्यात असा दोष होता, की सामान्य अधिकारांत चालणारा एखादा प्रोग्राम तिच्या आधारे थेट यंत्रणेच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, शिरू शकत असे. हा दोष सोळा वर्षे तसाच राहिला.

याहून गंभीर बाब पुढे आहे. संगणक सुरू होताच ही फाइल मेमरीत चढत असे. मग प्रिंटर जोडलेला असो वा नसो. ज्या घरातून तो प्रिंटर केव्हाच भंगारवाल्याकडे गेला होता, तिथेही तिचा मुक्काम कायम होता.

यंत्र गेले तरी त्याचा ड्रायव्हर का जात नाही? याचे मूळ १९८५ च्या आसपासच्या एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय त्या काळी अगदी योग्य होता.

डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्राम आपापले प्रिंटर-ड्रायव्हर स्वतःच बाळगत असे. वर्डपरफेक्टबरोबर शेकडो प्रिंटरांसाठीच्या फाइली येत. लोटस १-२-३ चे ड्रायव्हर निराळे. नवा प्रिंटर घेतला की प्रत्येक प्रोग्रामला त्याची स्वतंत्र ओळख करून द्यावी लागे. मात्र नको असलेला ड्रायव्हर काढणे सोपे होते. प्रोग्रामची डिरेक्टरी पुसली, की तोही गेला.

नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजने हे ओझे प्रोग्रामांच्या खांद्यावरून काढले. ड्रायव्हर एकदाच बसवायचा आणि सर्व प्रोग्रामांनी तोच वापरायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची मोठी सुटका झाली. पण ड्रायव्हर आता वाटण्या झालेल्या वाड्यातल्या सामाईक विहिरीसारखा झाला. पाणी सर्वांचे, पण ती बुजवण्याचा निर्णय कोणा एकाचा नाही.

पुढे विंडोज एनटीच्या वंशात ही रचना पक्की झाली. तिथे यादीत दिसणारा ‘प्रिंटर’ म्हणजे टेबलावरचे यंत्र नव्हे. ती केवळ छपाईच्या रांगेला दिलेली एक पाटी. एकाच ड्रायव्हरवर दोन-तीन पाट्या टांगता येतात. म्हणूनच यूएसबीची तार दुसऱ्या खाचेत लावली, की अनेकदा त्याच यंत्राची ‘कॉपी १’ अशी जुळी नोंद उमटते. पाटी काढली म्हणून ड्रायव्हर काढण्याचे धाडस यंत्रणा करीत नाही. न जाणो, दुसरी पाटी त्याच्यावरच लटकलेली असायची! व्हिस्टापासून यात आणखी एक थर आला. ड्रायव्हरचे मूळ गाठोडे ‘ड्रायव्हर स्टोअर’ नावाच्या कोठारात जपले जाऊ लागले, म्हणजे यंत्र पुन्हा जोडल्यास सीडी शोधायला नको. पाटी, ड्रायव्हर आणि गाठोडे हे तीन थर ध्यानात आले, की पुसलेला प्रिंटर पुन्हा पुन्हा का उगवतो याचे नवल उरत नाही.

तो खरोखर काढायचा, तर याच क्रमाने उतरावे लागते. आधी सेटिंग्जमधील यादीतून त्या प्रिंटरच्या सर्व नोंदी, जुळ्या नोंदींसकट, काढायच्या. मग ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘ड्रायव्हर्स’ या पानावर जायचे. तिथे ‘रिमूव्ह’ म्हटल्यावर दोन पर्याय समोर येतात: केवळ ड्रायव्हर, की ड्रायव्हर आणि त्याचे गाठोडे. बहुतेकांची गफलत इथेच होते. कायमची सुटका दुसऱ्या पर्यायात आहे. ‘ड्रायव्हर वापरात आहे’ असा नकार आला, तर बहुधा ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा त्याच्या फाइली धरून बसलेली असते. ती सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची आणि लगेच, काहीही न छापता, पुन्हा प्रयत्न करायचा. कंपनीने सोबत बसवलेले शाई मोजणारे आणि स्कॅन करणारे प्रोग्राम मात्र वेगळे काढावे लागतात.

या स्पूलरचीही ख्याती काही चांगली नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने पसरण्यासाठी त्यातील एका दोषाचा उपयोग केला होता. एसएसपोर्टची बातमी आली त्याच महिन्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ही गाजत होते. प्रिंटर-ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीतूनच परक्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकत होता. मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली, आणि मोफत आधार दीड वर्षापूर्वी संपलेल्या विंडोज ७ लाही ती दिली. ऑगस्टमध्ये ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार प्रशासकापुरता मर्यादित झाला.

आता तर ड्रायव्हरचीच गरज ओसरत आहे. ॲपलच्या एअरप्रिंटने २०१० मध्ये वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छपाई घडवली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही प्रिंटर-कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले. पण त्या घोषणेने आधी बसलेले ड्रायव्हर आपोआप निघत नाहीत.

एसएसपोर्टची दुरुस्ती एचपीने मे २०२१ मध्येच उपलब्ध केली होती. सॅमसंगचा प्रिंटर-व्यवसाय एचपीने २०१७ मध्ये विकत घेतला होता, त्यामुळे सॅमसंगच्या यंत्रांची दुरुस्तीही एचपीच्याच दारी होती. पण आपला सॅमसंग कधीच भंगारात टाकलेला माणूस एचपीच्या दारी जाणार तरी कशाला?